माळवं, फळं आणि त्यांचे भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर फुलंब्री तालुक्यातलं. घरची चार एकर जमीन, एक विहीर, एक शेततळं. त्यात आम्ही माळवं करतो, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं घेतो आणि छत्रपती संभाजीनगरात आठवड्यातून चार दिवस टेम्पो लावतो. फोनवरही मागणी घेतो. भावावरून रोज तेच तेच प्रश्न येतात आणि गाडीवर गर्दीत त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत. ती इथं लिहितो आहे.

दादा, कोथिंबीर परवा दहाला जुडी होती, आज चाळीसला कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मधल्या दोन दिवसांत पाऊस झालेला असतो.

कोथिंबीर चाळीसेक दिवसांचं पीक. काढायला आली की आठ-दहा दिवसांत काढावीच लागते, नाहीतर दांडा निघतो. काढल्यावर ती एक रात्र टिकते, फार तर दोन. आम्ही दुपारी ऊन उतरल्यावर उपटायला बसतो, जुड्या बांधतो, मुळं धुतो, ओल्या पोत्याखाली ठेवतो आणि पहाटे चारच्या आत जाधववाडीच्या बाजारात पोचतो. पाऊस लागला की यातलं काहीच जमत नाही. रानात पाय घोट्यापर्यंत रुततो. पानात पाणी राहतं, जुड्या एकावर एक रचल्या की आत वाफ धरते आणि सकाळी पोतं उघडलं की मधली जुडी काळी, चिकट, वास सुटलेली निघते. गेल्या श्रावणात आम्ही नेलेल्या तीनशे जुड्यांपैकी निम्म्याहून जास्त तिथंच टाकून आलो. उरलेल्यांना चांगला भाव मिळाला, पण टाकलेल्यांची मजुरी तर दिलेलीच होती.

माल निम्मा येतो, मागणी मात्र तेवढीच राहते. हॉटेलवाल्याला कोथिंबीर हवीच असते, लग्नघरालाही हवीच असते. म्हणून भाव दीडपट-दुपटीवर न थांबता एकदम चौपट होतो. पालेभाजीचा भाव असाच उड्या मारतो, कारण ती साठवून ठेवायची सोयच नाही. तीन दिवस उघडीप मिळाली की तोच भाव तितक्याच वेगानं खाली येतो. तेव्हा कुणी विचारायला येत नाही की दादा, आज एवढी स्वस्त कशी.

आणखी एक. मे महिन्यात पेरलेली कोथिंबीर नीट उगवतच नाही. जमीन तापलेली असते, निम्मं बी वाया जातं. म्हणून जूनपासून श्रावणापर्यंत ती महागच असते आणि डिसेंबर-जानेवारीत ढिगानं येते. लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या वासाची ख्याती तिकडं आधीपासूनच होती.

मग कोणत्या महिन्यात काय घ्यावं?

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत डोळे मिटून घ्या. मेथी, पालक, शेपू, चुका, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, फुलकोबी, पत्ताकोबी, गाजर, मुळा, वांगी, टमाटे, वाटाणा, तुरीच्या ओल्या शेंगा. थंडी पडली की पीक सावकाश वाढतं, कीड कमी लागते, फवारणीचा खर्च वाचतो आणि विहिरीला पाणी असतं. वर्षातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त माल हाच. अंबाडी मात्र पावसाळ्याच्या शेवटीच खावी. तिच्या आंबटपणाला तेव्हाच खरी चव असते.

मार्चपासून पालेभाजी मागं पडते. काकडी, टरबूज, खरबूज, दोडके, कारले, गवार, भेंडी पुढं येतात. पाणी असलेल्या शेतकऱ्याकडंच हे पिकतं, त्यामुळं एप्रिल-मेचा भाव म्हणजे बराचसा पाण्याचाच भाव. जून-जुलै सगळ्यात अवघड. उन्हाळी पीक संपलेलं असतं आणि पावसाळी लागवड अजून फळाला आलेली नसते. या दोन महिन्यांत आम्ही स्वतः घरी डाळी, वड्या, मोडाची मटकी आणि शेवग्याचा पाला खातो. तुम्हालाही तेच सांगू.

पावसाळ्यात रानभाज्या विसरू नका. तांदूळजा, घोळ, कुर्डू, करटुली. भेंडी आता बाराही महिने दिसते. भेंडीवर शिरा पिवळ्या पडण्याचा रोग येतो. तो सहन करणारं ‘परभणी क्रांती’ हे वाण आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं दिलं आणि ते देशभर पोचलं. याचा मला मनापासून अभिमान आहे.

टमाटे कधी दहाला किलो, कधी शंभराच्या वर. मधला भाव का राहत नाही?

टमाट्याचं रोप लावल्यापासून पहिला तोडा यायला साठ-सत्तर दिवस लागतात. आज भाव चांगला आहे म्हणून आज लावलं, तर माल दोन-सव्वादोन महिन्यांनी येतो. आणि आजचा भाव आमच्यासारखाच नारायणगाव, संगमनेर, नाशिक आणि पार कर्नाटकातल्या शेतकऱ्यानंही पाहिलेला असतो. सगळे एकदमच लावतात, सगळ्यांचा माल एकदमच येतो.

उलटंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव पडला की लोक बाग सोडून देतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. पांढऱ्या माशीतून व्हायरस पसरतो. मग जून-जुलैत बाजार रिकामा होतो. २०२३ च्या जुलैत देशभर टमाटे शंभरीच्या पार गेले आणि बातम्यांत दुसरा विषय नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांतच भाव इतका पडला की तोडणीची मजुरी निघेना, म्हणून शेतकऱ्यांनी माल फेकला. ती बातमी मात्र लहान आली.

आम्ही आता टमाटा एकदम लावत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडा-थोडा लावतो. शंभरीच्या भावात आम्ही कमी कमावतो आणि पडत्या भावात कमी बुडतो. म्हणून आमच्या गाडीवर टमाट्याचा भाव बाजारापेक्षा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. उतरताना थोडी कुरबुर होते, ती आम्ही समजून घेतो.

मोबाईलवर बाजार समितीचा भाव वेगळाच दिसतो. तुम्ही दुप्पट का लावता?

रास्त प्रश्न आहे. पणन मंडळ रोज जो भाव जाहीर करतं, तो क्विंटलचा असतो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. शंभरानं भागलं की किलोचा भाव निघतो. बरेच जण किमान आकडा बघून येतात. तो बहुतेक वेळा दुय्यम, मार लागलेल्या मालाचा असतो.

आता आकडा धरून बघू. समजा वांगी हर्राशीत, म्हणजे लिलावात, वीस रुपये किलोनं गेली. घेणाऱ्यानं त्यावर अडत, म्हणजे बाजारातल्या अडत्याचं कमिशन, भरली, हमाली दिली, गाडीभाडं दिलं, की माल चोवीस-पंचवीसला पडला. शंभर किलोत दहा-बारा किलो वांगी किडकी, चेपलेली किंवा संध्याकाळपर्यंत सुकलेली निघतात. म्हणजे विकायला उरली अठ्ठ्याऐंशी-नव्वद किलो. त्यातून हातगाडीवाल्याचा दिवस निघायचा. पस्तीसला विकली, तर त्याला फार उरलं असं मला वाटत नाही. पालेभाजीत घट याहून जास्त.

शेतकऱ्याची बाजूही बघा. २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला बाजाराच्या बाहेर थेट विकायची मोकळीक मिळाली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. आमच्यासारख्यांना गाडी लावता आली ती या निर्णयामुळंच. पण अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, अजूनही नीट वाचावी लागते. एकदा माझ्या वडिलांच्या पट्टीवर ‘इतर’ या एका शब्दाखाली इतकी रक्कम कापलेली होती की बारा कॅरेट टमाट्यांचे घरी आणायला दोनशे दहा रुपये उरले. वडिलांनी ती पट्टी घडी घालून अजून देव्हाऱ्याच्या मागं ठेवली आहे. त्यानंतर आम्ही स्वतः विकायला लागलो.

कांदा वर्षातून एकदा रडवतोच. साठवता येतो ना तो?

येतो, पण एकच कांदा. वर्षात कांद्याची तीन पिकं येतात. पावसाळी लाल कांदा ऑक्टोबरपासून येतो. त्याच्या मागून रांगडा, आणि मार्च ते मे उन्हाळी, ज्याला आपण गावरान म्हणतो. पहिल्या दोन्हींत पाणी जास्त असतं, ते चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, ठेवले की कोंब फुटतात, सडतात. टिकतो फक्त उन्हाळी. देशाच्या एकूण कांद्यात मोठा वाटा त्याचाच आणि मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत तुम्ही जो कांदा खाता तो चाळीतलाच.

चाळीतला कांदा चार-पाच महिन्यांत वजनानं घटतो, काही सडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरलेल्या कांद्याला भाव चढतो. त्यातच परतीच्या पावसानं लाल कांदा झोडपला, तर दिवाळीच्या तोंडावर भडका उडतो. एप्रिलमध्ये उलटी परिस्थिती असते. ज्याच्याकडं चाळ नाही, तो वैजापूर, लासूरच्या बाजारात मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो. त्यात सरकारी निर्णय आडवे येतात. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात ज्यांचा कांदा निघाला, त्यांच्या घरची लग्नं पुढं गेलेली मी बघितली आहेत. म्हणून माझं सांगणं इतकंच: जागा असेल तर एप्रिल-मेमध्ये चांगला वाळलेला, पातळ मानेचा कांदा पन्नास किलो घेऊन हवेशीर ठेवा. तुमचे पैसे वाचतील आणि पडत्या भावात शेतकऱ्याचा मालही उचलला जाईल.

सणाच्या आदल्या दिवशी भाव मुद्दाम वाढवता का?

वाढतो हे खरं. पण एकाच दिवशी सगळ्या गावाला एकच वस्तू हवी असते, त्याला इलाज नाही. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, मग जी भाजी एरवी कुणी विचारत नाही तीही त्या दिवशी भाव खाते. पितृपक्षात गवार, कारले, भेंडी, अळूची पानं. भोगीला वांगी, गाजर, हरभरा, बोरं. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला तर अख्खं शहर रानात जातं आणि भज्जीसाठी ओल्या शेंगा, हरभरा, वाटाणा, मेथी एका सकाळीत संपतात.

रमजानचं गणित मला फार आवडतं. रोजा सोडताना टरबूज, खरबूज, पपई, केळी लागतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि टरबूज सत्तरेक दिवसांत येतं. शेतकरी दिनदर्शिका घेऊन बसतो आणि उलटे दिवस मोजून लागवड करतो. काही वर्षांपूर्वी रमजान ऐन उन्हाळ्यात यायचा, आता फेब्रुवारीकडं सरकला. म्हणजे टरबूज लावायचं ते डिसेंबरच्या थंडीत. थंडीत बी उगवत नाही, म्हणून रोपं घेऊन, मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर), वरून क्रॉप कव्हर (झाकायचं पातळ कापड) टाकून करावं लागतं. फेब्रुवारीतलं टरबूज मे महिन्यापेक्षा महाग असतं ते या खर्चापायी.

तुम्हाला एक सोपा उपाय सांगतो. सणाची भाजी दोन दिवस आधी सांगा. आम्ही शेतातच बाजूला काढतो आणि रोजच्याच भावानं देतो.

मोसंबी दिवाळीत स्वस्त आणि उन्हाळ्यात तिप्पट, असं का?

दोन वेगळे बहार आहेत म्हणून. मोसंबीच्या झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी दिलं की फुलं येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार. त्याचं फळ ऑगस्टअखेरपासून दिवाळीच्या पुढंपर्यंत येतं. जालना, पैठण, पाचोडकडच्या बहुतेक बागा हाच धरतात, म्हणून तेव्हा बाजारात रेलचेल असते. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, फळ मार्च-एप्रिलमध्ये. त्यासाठी मे महिन्याच्या उन्हात ताण द्यायचा आणि मग पाऊस वेळेवर यायची वाट बघायची. मृग हुकला तर बहारच हुकतो. म्हणून उन्हाळ्याची मोसंबी थोडी, आणि रसाला मागणी तेव्हाच जास्त.

फळ निवडताना रंगावर जाऊ नका. आपल्याकडची मोसंबी हिरवट असतानाही आतून गोड असते. हातात घेऊन वजन बघा. जड ती रसाची.

दुष्काळात मोसंबीचं नुकसान एका वर्षाचं नसतं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. भाजी गेली तर पुढच्या पावसात परत लावता येते. मोसंबीला फळ धरायला पाच वर्षं लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि आमच्या जिल्ह्यात लोकांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवायचा प्रयत्न केला आणि ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी डोळ्यांसमोर वाळलेली झाडं तोडली. माझ्या मामांच्या बागेतली दोनशे झाडं सरपणाच्या भावानं गेली. त्या वेळी तुटलेल्या बागांची तूट बाजारात पुढं कितीतरी वर्षं राहिली. जालना मोसंबीला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मामांच्या बागेला काही भेटलं नाही.

तुमच्याकडं आंबा इतका उशिरा का? कार्बाइड तर नसतं ना?

कोकणचा हापूस मार्चपासून येतो. आपला केसर मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. मराठवाडा केसरला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. एप्रिलमध्ये कुणी ‘गावचा केसर’ म्हणून पिवळाजर्द आंबा देत असेल, तर थोडं थांबा.

कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत, १०० पीपीएमपर्यंत, चालतो. केळीची पिकवण खोली त्यावरच चालते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही आंबा पाडाला आल्यावर उतरवतो आणि पेंढ्याच्या अढीत घालतो. आठ-दहा दिवस लागतात, तेवढं थांबावं लागतं. अढीतला आंबा सगळा एकसारखा पिवळा होत नाही. पेटीतले काही आंबे पुढं-मागं पिकतात आणि तीच त्याची खूण.

गारपीट झालेल्या वर्षी आंबा, द्राक्षं दोन्ही महाग का होतात, तेही लोक विचारतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवा. मोहोर, कैऱ्या, द्राक्षाचे घड, सगळं एका दुपारीत जमिनीवर आलं होतं. फळाला मार लागला की ते पुढं नेताच येत नाही.

आलू, लसूण, सफरचंद तुम्ही पिकवत नाही का?

आलू आग्रा आणि इंदूरकडून, लसूण बहुतेक मंदसौर-नीमचचा. सफरचंद जुलैअखेरपासून हिमाचलचं, मग काश्मीरचं, आणि हिवाळ्यानंतर शीतगृहातलं. यांच्या भावात गाडीभाडं मोठं असतं आणि आमच्या हातात फार काही नाही. नवा लसूण फेब्रुवारी-मार्चला येतो, वर्षाचा तेव्हाच भरा.

आणि अद्रक? एका वर्षी तीस, पुढच्या वर्षी दोनशे?

अद्रक आमचंच. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा त्याचा पट्टा. मे महिन्यात लावायचं, आठ-नऊ महिन्यांनी काढायचं. भाव नसेल तर जमिनीतच ठेवता येतं, आणि शेतकरी तसं करतो. सगळ्यांनीच ठेवलं की दुसऱ्या वर्षी जुनं आणि नवं दोन्ही एकदम येतं. त्यात कंदकूज लागली की शेत आतून सडतं आणि वरून कळतही नाही. बियाण्याला एकरी इतके पैसे लागतात की दोन वर्षं मार बसलेला माणूस तिसऱ्या वर्षी लावतच नाही. नेमका त्याच वर्षी भाव वाढतो.

भाव कमी करून मागितला तर चालेल का?

ढीग घेताना, संध्याकाळी, उरलेल्या मालाचा, खुशाल मागा. आम्हालाही तो घरी न्यायचा नसतो. सकाळी मेथीच्या एका जुडीमागं पाच रुपये कमी करायला लावू नका. ती उपटायला पहाटे बायका थंडीत वाकलेल्या असतात.

सीताफळ घेतलं की दुसऱ्या दिवशी एक तर दगड, नाहीतर लगदा. कसं घ्यावं?

बीडचं, बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ ऑगस्टअखेरपासून दिवाळीपर्यंत असतं आणि दसऱ्याच्या आसपास सगळ्यात चांगलं मिळतं. फळावरच्या डोळ्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसायला लागल्या की फळ पक्व झालं. त्या फटी बंद, हिरव्या असतील तर ते कोवळंच तोडलेलं आहे. ते मऊ होईल, पण गोड होणार नाही. फटी उघडलेलं, हाताला अजून टणक असं फळ घ्या. घरी टोपलीत एका थरात ठेवा, एकावर एक रचू नका. दोन-तीन दिवसांत एकेक मऊ होत जाईल, तसं खात जा. फ्रिजमध्ये कच्चं ठेवलं तर साल काळी पडते आणि ते पिकतच नाही. पिकल्यावर मात्र एखादा दिवस ठेवता येतं. आमच्याकडून नेताना आज खायची किती आणि परवाची किती, एवढं सांगा. आम्ही तशी वेगळी निवडून देतो.